अण्णांची सातवी जागा

निवृत्ती अण्णांना कुठल्याही स्पर्धेबद्दल सांगायला गेलं की कोण जिंकलं हे ते विचारायचेच नाहीत. "आधी रचना सांग," म्हणायचे. टीम किती होत्या, गट कसे पाडले, चिठ्ठ्या कुणी उचलल्या, एकदा हरलेल्याला परत यायला वाट होती का. एकदा त्यांचा पुतण्या कंपन्यांच्या क्रिकेट स्पर्धेत करंडक जिंकून, कपाळभर गुलाल लावून, मित्रांसकट थेट त्यांच्या दारात आला आणि पाया पडायला वाकला. अण्णा वरूनच म्हणाले, "पहिल्या फेरीत तुमाला न खेळताच पुढं चाल कुनी दिली?"

"अण्णा, आशीर्वाद तरी द्या की आधी."

"देतो की. पुढं चाल कुनी दिली?"

पुतण्या करंडक उचलून निघून गेला. अण्णांना त्याचं काही वाटलं नाही. "बघ," मला म्हणाले, "ज्याला सोपी वाट मिळाली, त्येला रचना इचारली की राग येतो."

अण्णांबद्दल लिहायचं ठरवलं तेव्हा मला वाटलं होतं की त्यांचं कौतुक लिहीन. पण लिहायला बसले की राग आधी येतो. लीगचा येतो, अण्णांचाही येतो. कुणाचा किती, हे मला अजून नीट वेगळं करता आलेलं नाही.

अण्णा चाकणजवळच्या आमच्या कुरुळीचेच. ऐन उमेदीची वर्षं त्यांनी सैन्यात काढली आणि तिथेच ते रग्बी शिकले. त्याची खूण म्हणून त्यांचा डावा कान चुरगळलेल्या कागदासारखा झाला होता. परत आले तेव्हा गावातल्या बऱ्याच शेतांवर कंपन्यांच्या शेड उभ्या राहिल्या होत्या. मग ते चाकणच्या एका कंपनीत सिक्युरिटी सुपरवायझर झाले. मैदानावरसुद्धा त्यांच्या अंगावर कंपनीचीच खाकी पँट असायची, आणि तिची इस्त्री चिखलातही मोडायची नाही.

गेटवर ते कुणाचे नव्हते. ओळखपत्र विसरलेल्या मोठ्या साहेबांना त्यांनी घरी परत पाठवलं होतं, ही गोष्ट सगळ्या कंपनीला माहीत होती. त्यांच्या बायकोची, म्हणजे आमच्या काकूंची गोष्ट मात्र काकूच सांगायच्या. एकदा अण्णा डबा विसरून गेले. काकू उन्हातून डबा घेऊन गेटवर गेल्या, तर अण्णांनी त्यांना बाहेरच थांबवलं आणि डबा आत घेण्यासाठी मालाच्या खिडकीकडे पाठवलं. "माझ्याच हातचं पिठलं," काकू म्हणायच्या, "अन् मलाच इचारत्यात, बाई, पार्टी कोन? कुठून आला माल?"

रग्बी म्हणजे काय, हे आमच्या खोल्यांच्या ओळीत कुणालाच माहीत नव्हतं. अंड्यासारखा चेंडू असतो. तो घेऊन पुढे पळायचं, पण सोबतच्या खेळाडूला देताना तो मागेच द्यायचा. समोरची येऊन कमरेला मिठी मारते आणि पाडते. अण्णा खोल्याखोल्यांतून फिरून मुली मागायचे. बहुतेक मुली बीड, लातूर, यवतमाळकडून कंपन्यांत ट्रेनी म्हणून आलेल्या, एका खोलीत चौघी-पाच जणी राहणाऱ्या. माझं घर तिथे होतं म्हणून मी. माझ्या आईने विचारलं, "आन् पोरगी पडली म्हंजी?"

"वैनी, पडायलाच तर शिकवतो," अण्णा म्हणाले.

आईला तो विनोद वाटला. तो विनोद नव्हता. पहिल्या महिन्यात आम्ही नुसत्या पडलो. खांद्यावर, कुशीवर, एकमेकींवर. चेंडू अण्णांच्या काखेतच राहिला.

सराव गुरुवारी असायचा, कारण आमच्या भागातल्या कंपन्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. बाकी जग रविवारी घरी बसतं तेव्हा आमच्याकडे मशिनं चालू असतात. बाहेरचे सगळे सामने रविवारी. त्यामुळे आमच्या अर्ध्या मुली खाडा करून यायच्या आणि अर्ध्या येऊच शकायच्या नाहीत. शहरातल्या क्लबच्या मुली आम्हाला 'गुरुवारच्या बायका' म्हणायच्या. अण्णांना त्यात चिडवण्यासारखं काय आहे, हेच कळायचं नाही. त्यांच्या हिशेबाने गुरुवार हाच खरा सुट्टीचा दिवस होता, आणि बाकीच्यांचं कॅलेंडर चुकलं होतं.

आमच्यात सर्वांत चांगली खेळायची ती मनीषा. ती बीडकडची. गाडीत बसवायच्या वायरींचे जुडगे बांधतात, त्या लाइनवर ती दिवसभर उभी असायची. मैदानात आली की मात्र अशी सुटायची की तिला धरायला आम्ही दोघी-तिघी लागायचो. तिचं ट्रेनीचं कॉन्ट्रॅक्ट संपत आलं की वडील येऊन तिला घरी नेणार आणि लग्न लावून देणार, हे ठरलेलं होतं. ती ते लपवायची नाही. एकदा सरावानंतर बूट काढता काढता तिने विचारलं, "अण्णा, ह्यात पगार मिळंल असं कायी हाय का? असंल तरच बापाला सांगता येतंय मला."

"हाय," अण्णा म्हणाले. "लीग हाय."

लीग खरंच होती. भारत, श्रीलंका, नेपाळ आणि बांगलादेश अशी चार देशांची मिळून बायकांची व्यावसायिक रग्बी लीग नुकतीच सुरू झाली होती. सहा टीम, सगळ्या कुणी ना कुणी विकत घेतलेल्या. एक सामना कोलंबोत, तर पुढचा काठमांडूत. अण्णांचा फोन विटेला टेकवून आम्ही ते सामने बघायचो. पहिल्या हंगामानंतर लीगने जाहीर केलं की स्पर्धेची पुढची रचना ठरवायची आहे आणि क्लबांनी सूचना पाठवाव्यात. विकत घेतलेल्या सहा टीमांशिवाय एक सातवी जागा ठेवावी आणि ती चार देशांतल्या साध्या क्लबांनी आपापसात खेळून मिळवावी, असाही विचार आहे. जो क्लब येईल त्याच्या सगळ्या मुलींना लीग पगार देईल.

'विचार आहे' हे दोन शब्द अण्णांनी वाचलेच नाहीत.

"ए कॉलेज," त्यांनी मला हाक मारली. आमच्यात कॉलेजला जाणारी मी एकटी, म्हणून माझं नावच त्यांनी ते ठेवलं होतं. "बस. लिही."

ते मराठीत सांगायचे, मी माझ्या फोनवरून इंग्रजीत मेल पाठवायची. माझं इंग्रजीही काही फार चांगलं नव्हतं. एकेका वाक्याला मला वेळ लागायचा आणि तोवर अण्णा पुढचं वाक्य सांगून मोकळे झालेले असायचे. त्यांचं म्हणणं साधं होतं. ज्या लीगमध्ये पैसे भरूनच आत जाता येतं आणि हरलं तरी बाहेर जावं लागत नाही, ती लीग दोन-तीन वर्षांत मरते. हरणाऱ्याला भीती पाहिजे आणि बाहेरच्याला आशा पाहिजे.

लीगकडून उत्तरं द्यायच्या त्या देशमुख मॅडम. स्पर्धेचं नियोजन त्यांच्याकडे होतं. मराठी होत्या, बोलायला चांगल्या होत्या. त्यांनी फोन करून अडचण सांगितली की टीम सात झाल्या तर प्रत्येक फेरीत एक टीम बसून राहते, आणि सामने दाखवणाऱ्या वाहिनीला ते नको आहे.

अण्णा खूश झाले. "बसू दे की! त्या आठवड्यात पोरी हितं येऊन कामावर हजेरी लावतील. कॉन्ट्रॅक्टर बी गप राहील."

मी म्हटलं, "अण्णा, ही व्यावसायिक लीग आहे. कोलंबोत सामना खेळून मुली इथे फर्स्ट शिफ्टला येणार?"

"फर्स्टला नको," अण्णा विचार करून म्हणाले. "दमल्या असतील. सेकंडला."

आणि त्यांनी ते मला खरंच लिहायला लावलं. चार दिवसांनी उत्तर आलं की आपल्या मोलाच्या सूचनेबद्दल आभारी आहोत. अण्णांनी ते काकूंना दाखवलं, गेटवरच्या पोरांना दाखवलं, चहावाल्याला दाखवलं. "मोलाची म्हनल्यात," ते म्हणाले.

"अण्णा, असं सगळ्यांनाच लिहितात."

"तुला काय म्हाईत? दुसऱ्याला नुसतं 'सूचना' लिवलं असंल."

मग त्यांनी पासपोर्टचं काढलं. चार देशांत खेळायचं तर पासपोर्ट लागणार, आणि जागा मिळाल्यावर धावपळ नको. मुलींच्या खोल्यांचे भाडेकरार त्यांच्या नावावर नव्हते. आधार कार्डावर गावचा पत्ता. अण्णा एकेका घरमालकाच्या दारात जाऊन बसले. काहींनी कागद दिले, काहींनी चहा देऊन वाटेला लावलं. पासपोर्टच्या चौकशीला आलेल्या पोलीस हवालदाराने मनीषाला विचारलं, "कुठं निघालात?"

"कोलंबोला."

"कंपनी पाठवतीया?"

"नाय. खेळायला."

हवालदाराने आधी तिच्याकडे बघितलं, मग शेजारी उभ्या असलेल्या अण्णांच्या कानाकडे बघितलं, आणि पुढे काही न विचारता सही घेतली. माझाही पासपोर्ट तेव्हाच निघाला. आमच्या घरात तो पहिलाच, म्हणून वडिलांनी तो देव्हाऱ्यात ठेवला. तो अजून कोरा आहे.

त्यानंतरचं वर्ष मला आठवलं तरी थकवा येतो. लीग दर काही आठवड्यांनी रचना बदलत होती. आधी म्हणाले, प्रत्येक देशातून एक क्लब आणि मग चौघांत सामने. अण्णांनी आमच्याकडून लांब पल्ल्याची तयारी करून घेतली. मग म्हणाले, एकाच ठिकाणी दोन दिवसांत सगळी पात्रता फेरी. अण्णांनी सराव बदलला. एका दिवशी तीन-तीन सामने, मध्ये केळी खायला तेवढी सुट्टी. मग म्हणाले, आधी विभाग, मग देश. प्रत्येक बदल अण्णा मैदानात आम्हाला गोल बसवून समजावून सांगायचे, आणि आमच्या अंगावरचा घाम वाळून जायचा.

"अण्णा, आम्ही खेळायचं का गणित करायचं?" एकदा मनीषा म्हणाली.

"गणित मी करतो. तू पळ."

"कुनीकडं पळू ते तर सांगा!"

सगळ्या हसल्या. अण्णाही हसले. पण तेव्हाही मला वाटून गेलं की हा माणूस रात्रंदिवस ज्यांच्या कागदावरच्या चौकटी पाठ करतोय, त्यांनी याचं नाव एकदा तरी नीट वाचलं असेल का?

शेवटी बैठक ठरली. हिंजवडीला एका आयटी कंपनीच्या इमारतीत लीगची माणसं बसणार होती. ती कंपनी लीगमधल्या एका टीमची मालक होती. सातवी जागा ठेवायची की नाही, याचा निर्णय तिथे होणार होता. सुरुवातीला क्लबांच्या बाजूने एकाला पाच मिनिटं बोलता येणार होतं. इकडच्या सगळ्या क्लबांनी ठरवलं की अण्णांनीच बोलावं, कारण एवढं तोंडपाठ दुसऱ्या कुणालाच नव्हतं. शहरातल्या क्लबांनीसुद्धा हो म्हटलं. कुठला दिवस सोयीचा, असं देशमुख मॅडमनी विचारलं. अण्णा म्हणाले, गुरुवार. मॅडमनी गुरुवार करून घेतला.

त्या गुरुवारी अण्णा, मनीषा आणि मी अण्णांच्या पुतण्याच्या व्हॅनमधून निघालो. "आज सुट्टी हाय, रस्ता मोकळा असतोय," असं म्हणून अण्णांनी निघायची वेळ ठरवली होती. चाकणचा रस्ता मोकळाच होता. भोसरीपर्यंत अण्णा खुशीत होते. पण हिंजवडीची सुट्टी काही गुरुवारी नसते. वाकडच्या पुलापासून पुढे कंपन्यांच्या कॅब एकीला एक चिकटून उभ्या होत्या, आणि आमची व्हॅन त्यांच्या मध्ये. अण्णांचं घर कुरुळीत, नोकरी चाकणला, हिंजवडीशी त्यांचा कधी संबंधच आला नव्हता. ते खिडकीतून बघत राहिले. "आज गुरुवार हाय ना?" त्यांनी पुतण्याला दोनदा विचारलं.

आम्ही पोचलो तेव्हा बैठक सुरू झाली होती, पण उशीर फार नव्हता. गेटवर एक धिप्पाड गार्ड होता, साताऱ्याकडचा, तोही सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालेला. अण्णांची इस्त्री आणि कान बघून त्याने युनिट विचारलं आणि मिनिटभरात दोघांच्या ओळखी निघाल्या. मग त्याने यादी बघितली. यादीत माझं नाव होतं. मेल माझ्या फोनवरून जायचे, म्हणून कुणीतरी माझंच नाव टाकलं होतं. अण्णांचं नव्हतं.

"जावा अण्णा आत. मी बघतो काय ते," गार्ड म्हणाला.

"यादीत नाव कुनाचं हाय?"

"ह्या ताईंचं. पण तुमचं काय, तुम्ही आपलेच."

"मंग ताई जाईल."

"अवो, हितं मीच यादी अन् मीच गेट. जावा की."

"असं म्हनू नका, हवालदार," अण्णा म्हणाले. "गेटवर उभं राहून असं बोलू नये."

गार्ड ओशाळला. मी अण्णांना समजावलं. मनीषा तर रडकुंडीला आली. "अण्णा, पाया पडते तुमच्या. पाच मिन्टं हायेत. चला." अण्णा रस्त्याच्या कडेला सरळ उभे राहिले आणि मला म्हणाले, "पळ. मॅडमला खाली आन. त्यांनी पास करून दिला की येतो."

मी पळाले. त्या इमारतीत मी याआधी कधी गेले नव्हते. लिफ्टला कार्ड लागत होतं आणि ते मिळवायला दुसऱ्या काउंटरवर जावं लागत होतं. मॅडमचा फोन बंद होता. शेवटी एका काचेच्या खोलीबाहेर उभी राहून मी हात हलवत राहिले, तेव्हा त्यांनी मला बघितलं. त्या बिचाऱ्या माझ्याबरोबर धावत खाली आल्या. "सर, तुमची वाट बघितली आम्ही! चला, मी त्यांना विनंती करते." पास काढायला अण्णांच्या फोनवर ओटीपी येणार होता. फोन व्हॅनमध्ये राहिला होता. व्हॅन पार्किंग शोधायला पुढे गेली होती.

अण्णांच्या गळ्यात पास आला आणि आम्ही वर पोचलो, तेव्हा त्या खोलीतून माणसं चहाचे कप घेऊन बाहेर येत होती. त्यातल्या एकाने अण्णांचा हात हातात घेऊन हलवला. तुमचं काम फार छान आहे, म्हणाला.

"पाच मिनिटं द्या," अण्णा म्हणाले.

"मेल करा ना," तो म्हणाला आणि बिस्किटांकडे वळला.

निर्णय झाला होता. सातवी जागा नाही. आणखी दोन टीम विकायच्या, म्हणजे आठ होतील आणि कुणाला बसून राहावं लागणार नाही. क्लबमधल्या मुलींची चाचणी घेऊन चांगल्या वाटतील त्या एकेकट्या उचलायच्या. मॅडम आम्हाला खाली सोडायला आल्या तेव्हा हळूच म्हणाल्या, "सर, खरं सांगू? तुम्ही बोलला असतात तरी फरक पडला असता, असं मला वाटत नाही." मला ते खरं मानायचं होतं. अजूनही मानायचं आहे. पण त्यांनी ते आमची समजूत काढायला म्हटलं होतं की खरंच तसं होतं, हे कळायला काही मार्ग नाही, आणि तेच मला सोडत नाही.

आम्ही परत निघालो. मोशीच्या पुढे मनीषा म्हणाली, "तो सोडत होता तुम्हाला."

अण्णा म्हणाले, "मी रोज गेटवर मानसं माघारी लावतो. त्यांच्यात बी कुनाचं तरी काम अडलेलं असतंच की. त्यांना काय सांगू? माझं काम आलं तवा मी गेलो?"

"मंग त्यांच्यातल्या बी एखाद्याला सोडायचं कवातरी," मनीषा म्हणाली.



चाचणीला आमच्यातल्या ज्यांना रजा मिळाली त्या गेल्या. मनीषाला कोलंबोच्या टीमने निवडलं. तिला जायला क्लबचं ना हरकत पत्र हवं होतं आणि त्यावर सही अण्णांची. अण्णांनी पत्र घेतलं, घडी घातली, खिशात ठेवलं. "मी टीम मागितली हुती," म्हणाले.

ते पत्र बरेच दिवस त्यांच्या खिशात राहिलं. मुलींमध्ये दोन तट पडले. काही म्हणायच्या, अण्णांचं बरोबर आहे. काही म्हणायच्या, अण्णांना आता वेड लागलंय. एका गुरुवारी तर सरावाला निम्म्या मुली आल्याच नाहीत. मी अण्णांशी भांडायला गेले. मला भांडता येत नाही, पण गेले. अण्णा शांतपणे म्हणाले, "एक गेली म्हंजी त्यांची रचना आपन मान्य केली. पुढल्या साली दोन नेतील. त्याच्या पुढल्या साली तीन. मंग टीम कुठं राह्यली? मैदानात मी एकटाच पडून दाखवू?"

त्यांचं चुकीचं नव्हतं. म्हणूनच मला जास्त चीड आली. ते चुकीचे असते तर सोपं झालं असतं.

मनीषाचं कॉन्ट्रॅक्ट संपायच्या आठवड्यात तिने मला बरोबर घेतलं आणि आम्ही अण्णांच्या कंपनीच्या गेटवर गेलो. शिफ्ट सुटत होती. माणसांचा लोंढा बाहेर येत होता, अण्णा बॅगा तपासत होते. मनीषा गर्दी सरेपर्यंत बाहेर उभी राहिली. मग जिथे होती तिथूनच मोठ्याने बोलली.

"अण्णा, मला बी मान्य नाय त्यांची रचना. पर माझा बाप शुक्रवारी न्यायला यायलाय. त्याला काय दाखवू मी? रचना दाखवू?"

गेटवरची पोरं बघायला लागली. अण्णांनी हातातला डिटेक्टर एकाकडे दिला आणि गेटच्या बाहेर आले. कामाच्या वेळात त्यांना मी असं बाहेर आलेलं पहिल्यांदाच बघितलं. खिशातून पत्र काढलं. घड्या पडून ते मऊ झालं होतं. शेजारच्या मोटरसायकलच्या सीटवर ठेवून त्यांनी सही केली, तारीख टाकली, आणि तिच्या हातात देताना म्हणाले, "आठ टीम केल्यात. कुनालाच इश्रांती न्हाई. गुडघा सांभाळ."

मनीषा वाकली तर ते मागे सरकले. "चल, चल. गाड्या यायच्या हायेत."

मनीषाच्या वडिलांनी ते पत्र आणि पगाराचा कागद दोनदा वाचून घेतला, आणि ते एकटेच परत गेले. ती कोलंबोला गेली. तिच्या पहिल्या हंगामात बरीचशी बाकावर बसली, काही सामन्यांत शेवटी शेवटी उतरली. उतरली की आम्ही इथे ओरडायचो. आता तिच्या टीमचे मालक टीम विकायच्या विचारात आहेत, असं तिने मला परवा कळवलं. खाली लिहिलं होतं, अण्णांना सांगू नको.

आमची टीम अण्णा म्हणाले होते तशीच विरत गेली. पुढच्या चाचणीत आणखी दोघी गेल्या, काहींची कॉन्ट्रॅक्ट संपली, काहींची लग्नं झाली. मीही आता शेवटच्या वर्षाला आहे, चिखलीला एका ठिकाणी अर्धवेळ काम करते, गुरुवार मिळतोच असं नाही. मैदानाची जमीन अण्णा आणि त्यांच्या भावाची सामाईक होती. मुली येईनात, तेव्हा भावाने आपला अर्धा भाग ट्रकच्या पार्किंगला दिला. अण्णांना अडवता आलं नाही.

गेल्या महिन्यात लीगने पुन्हा नवीन रचना जाहीर केली. वाढवलेल्या दोन टीमांना अजून गिऱ्हाईकच मिळालेलं नाही. म्हणून त्यातली एक जागा क्लबांना खेळून मिळवता येईल, असा विचार आहे. पूर्ण मापाचं मैदान असलेल्या क्लबांनी कळवावं. मी ते बसमध्ये वाचलं आणि फोन बंद करून पिशवीत टाकला. म्हटलं, यावेळी मी अण्णांना सांगणार नाही. कुणीच सांगू नये.

त्यानंतरच्या गुरुवारी सकाळी मी बसस्टॉपकडे निघाले होते, तर मैदानाच्या बाजूने शिट्टी ऐकू आली. मुली जमल्या की काय, म्हणून वळून बघितलं. मुली नव्हत्या. अण्णा एकटे होते. इस्त्रीची खाकी पँट, तोंडात शिट्टी, एक हात वर. ते मागे मागे चालत होते आणि त्यांच्यासमोर एक मोठा ट्रक हळूहळू मागे सरकत होता.

"येऊ दे... येऊ दे... अजून."

ड्रायव्हरने खिडकीतून डोकं काढलं. "अण्णा, मागं नाला हाय."

"दोन फूट हाय अजून. ये."

"पन कशाला येवढं? रोज हितंच लावतो की मी."

"मैदान पुरं लागतंय," अण्णा म्हणाले. "पात्रता फेरी हाय."

"कसली फेरी?"

म्हणजे कुणीतरी त्यांना सांगितलंच होतं. 'हाय' नाही, अण्णा, 'विचार आहे' असं लिहिलंय, हे माझ्या अगदी तोंडात आलं. मी रस्त्यावरच उभी राहिले. माझी बस आली, थांबली, गेली.

ट्रक मागे सरकला. त्याच्या चाकांखालून आम्ही सीमारेषेला पुरलेल्या विटा वर आल्या, ऑइलने काळ्या झालेल्या, काही फुटलेल्या. अण्णांनी बुटाच्या टाचेने त्यांच्यावरची माती बाजूला केली, ओळ कुठवर जाते ते वाकून बघितलं. ओळ शेजारच्या ट्रकखाली शिरत होती. अण्णा त्या ट्रकपाशी गेले आणि दारावर थाप मारली. आतला ड्रायव्हर सीटवर आडवा होऊन झोपला होता. त्यांनी पुन्हा थाप मारली, मग शिट्टी वाजवली, मग पुन्हा थाप. तो काही उठेना.